माया लोकांची लिपी आणि ती वाचणाऱ्या विदुषी
(मंडळाच्या वाचनवर्गात दिलेले व्याख्यान)



वाचनवर्गाच्या चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी 'माया लोकांवरील ग्रंथ' असे सांगितले होते. फळ्यावर लिहिले गेले 'मायेवरील ग्रंथ'. त्यामुळे आज दोघीतिघी वेदान्ताच्या तयारीने आल्या आहेत असे कळते. त्यांनी आल्यासारखे थोडे बसावे. ब्रह्म आणि माया यांबद्दल मला काही सांगता येणार नाही. परंतु दगडात कोरलेल्या बायका शेकडो वर्षे पुरुष म्हणून कशा खपल्या आणि एका बाईने त्यांना कसे ओळखले, ही हकीकतही ऐकण्यासारखीच आहे.

माया हे मध्य अमेरिकेतील लोक. मेक्सिकोचा आग्नेय भाग, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरासचा पश्चिमेकडील थोडा मुलूख हा त्यांचा प्रदेश. इसवी सन २५० ते ९०० या काळात तेथील अरण्यात त्यांची मोठमोठी नगरे नांदत होती. नगरे ओस पडली म्हणून माणसे संपली असे मात्र समजू नये. आजही लाखो माया लोक तेथे राहतात, तीसएक भगिनीभाषा बोलतात, आणि त्यांच्या घरात दगडी पाट्यावर मका वाटला जातो. पाटा-वरवंटा म्हटला की ते लोक आपल्याला फार दूरचे वाटत नाहीत. मोजणीही त्यांची विसांची. आपल्या खेड्यांतील आजीबाई 'तीन विसा आणि पाच' म्हणत, तशीच. एकासाठी टिंब, पाचासाठी आडवी रेघ, आणि शून्यासाठी शिंपल्यासारखे चिन्ह. शून्याची कल्पना त्यांना कोणाच्याही मदतीवाचून सुचली होती, हे आपण शून्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

या लोकांना लिहिता येत होते. झाडाच्या सालीचा कागद, त्यावर चुन्याचा हात, आणि घड्या घालून मिटायची पोथी. अशा पोथ्या स्पॅनिश लोक आले तेव्हा भरपूर होत्या. १५६२ साली युकातानमधील मानी या गावी दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने त्या सैतानाच्या म्हणून ढीग घालून जाळल्या. आज साऱ्या जगात चार पोथ्या उरल्या आहेत. त्यांपैकी तीन युरोपात, ड्रेस्डेन, माद्रिद व पॅरिस येथे. चौथी मेक्सिकोत, आणि ती खरी की बनावट हा वाद २०१८ साली मेक्सिकोच्या पुराणवस्तू संस्थेने ती खरी ठरवली तेव्हा मिटला. ड्रेस्डेनची पोथी उलगडली तर साडेतीन मीटर भरते. तीत शुक्राच्या उदयास्तांची आणि ग्रहणांची कोष्टके आहेत. दुसऱ्या महायुद्धात त्या शहरावर बाँब पडले तेव्हा ती पाण्यात भिजली, पण वाचली.

आता दैवाची गंमत पाहा. ज्या लांदाने पोथ्या जाळल्या त्यानेच पुढे युकातानच्या लोकांची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले, आणि त्यात माया 'मुळाक्षरे' काढून ठेवली. त्याने एका जाणत्या माया माणसाला समोर बसवून आपली स्पॅनिश अक्षरे एकेक उच्चारली, 'आ, बे, से…', आणि त्याने जो उच्चार ऐकला त्याचे चिन्ह काढून दिले. लांदाला वाटले ही आपल्यासारखी अक्षरे. पुढे त्याने त्याला एखादे वाक्य लिहून दाखव म्हटले. त्याने लिहिले, 'मा इन काती', म्हणजे 'मला नको'. बिचारा कंटाळला असावा. त्या पुस्तकाची एक संक्षिप्त नक्कल माद्रिदमध्ये १८६२ साली सापडली आणि दोन वर्षांनी छापली गेली. मग शंभर वर्षे पंडितांचे भांडण चालले, की ही अक्षरे खरी की खोटी.

एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांवर मी फार वेळ घेत नाही. अमेरिकन प्रवासी स्टीफन्स आणि त्याचा चित्रकार सोबती कॅथरवुड यांचे १८४१ सालचे प्रवासवर्णन आजही गोष्टीसारखे वाचवते. कोपान हे सबंध नगर त्याने पन्नास डॉलरला विकत घेतल्याचे त्यातच आहे. त्यानंतर इंग्रज मॉड्स्ले याने जड काचांचा कॅमेरा खेचरांवर लादून नेला, लेखांची छायाचित्रे घेतली, साचे काढले. त्या साच्यांवरून रेखाटने केली अ‍ॅनी हंटर या चित्रकर्तीने, आणि ते खंड १८८९ ते १९०२ पर्यंत निघत राहिले. तेव्हापासून आजवर पाऊस आणि शेवाळ यांनी कित्येक दगड इतके खाल्ले आहेत की, ती अक्षरे आता त्या पानांवरच स्पष्ट दिसतात.

पंचांग लवकर उलगडले. ड्रेस्डेनचे ग्रंथपाल फोर्स्टेमान यांनी १८८० नंतर बसल्या जागी ते काम केले. तारखा वाचता येऊ लागल्या. परंतु त्या तारखांना घडले काय, ते कोणाला सांगता येईना. विसाव्या शतकाच्या मध्याला या विषयात एरिक थॉम्प्सन या इंग्रज पंडिताचा शब्द अखेरचा मानत. १९५० साली त्यांचा माया लिपीवरील मोठा ग्रंथ निघाला. विद्वत्ता अफाट, भाषा सुरेख. त्यांचे म्हणणे असे की, माया लोक काळाची पूजा करणारे. त्यांच्या शिळांवर देव, तारे आणि दिवस यांखेरीज काही नाही. राजे-राण्यांची नावे दगडावर कोरण्याइतके ते क्षुद्र नव्हते. विषयातला सर्वांत मोठा माणूस असे म्हणतो म्हटल्यावर बाकीचे गप्प बसले. आपल्याकडे घरातला वडीलधारा 'या कपाटात काही नाही' म्हणाला की कोणी कपाट उघडत नाही, तसेच ते.

ते कपाट उघडणाऱ्या बाईचे नाव तातियाना प्रोस्कुरियाकोफ. नाव जड आहे म्हणून मी तातियानाबाई म्हणते. जन्म १९०९, सैबेरियातील तोम्स्क गावचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई डॉक्टर. पहिल्या महायुद्धात वडिलांना सरकारी कामासाठी अमेरिकेला जावे लागले. मागे रशियात क्रांती झाली आणि कुटुंब तिकडेच राहिले. १९३० साली त्या वास्तुशास्त्राच्या पदवीधर झाल्या आणि नेमकी मंदी आली. घरेच बांधली जात नव्हती, तर वास्तुविशारद बाईला कोण विचारणार! भरतकामाचे नमुने काढून देण्याचे काम त्यांनी धरले. त्या निमित्ताने फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात जाणे-येणे सुरू झाले, तेथे त्यांचा हात कोणाच्या तरी नजरेस आला, आणि १९३६ साली त्या उत्खननाच्या तुकडीबरोबर ग्वाटेमालातील पिएद्रास नेग्रास येथे रेखाटने करण्यासाठी गेल्या.

पडक्या ढिगाऱ्याकडे पाहून मूळ इमारत कशी असेल ते मोजमापांनिशी काढायचे, हे त्यांचे काम. अशा चित्रांचा त्यांचा संग्रह १९४६ साली निघाला. १९५० साली, म्हणजे थॉम्प्सनच्या ग्रंथाच्याच वर्षी, त्यांचा माया शिल्पांवरील ग्रंथ निघाला. हा ग्रंथ मला फार आवडतो, आणि त्याचे कारण बायकांना चटकन पटेल. त्यांनी शेकडो शिल्पांतील कानांतले अलंकार, पादत्राणे, शिरोभूषणांची पिसे, कमरपट्टे, उभे राहण्याची ढब अशी एकेक गोष्ट वेगळी काढून, तिच्यात कोणत्या काळी काय फरक पडला त्याची कोष्टके केली. जुन्या नथीकडे पाहून ती कोणत्या पिढीतली ते आपल्याकडच्या जाणत्या बाया सांगतात. तीच नजर, पण शिस्तीने वापरलेली.

त्या नजरेतून १९६० सालचा लेख निघाला. पिएद्रास नेग्रास येथे देवळांपुढे कोरीव शिळा गटागटाने उभ्या आहेत. तातियानाबाईंच्या लक्षात आले की, गटाच्या आरंभी एक ठरावीक चित्र येते: उंच कोनाड्यात बसलेला पुरुष, खाली शिडी आणि तिच्यावर पावलांचे ठसे. या प्रसंगाच्या तारखेशी एक चिन्ह नेहमी असते. गाल बांधलेल्या, दातदुखीच्या माणसासारखे ते दिसते म्हणून त्याला 'दातदुखीचे चिन्ह' म्हणत. त्याआधी बारा ते एकतीस वर्षांपूर्वीची आणखी एक तारीख असते, तिच्याजवळ तोंड वर केलेल्या बेडकाचे चिन्ह. आणि एका गटातील पहिल्या तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंतचे अंतर साठ वर्षांच्या आसपास भरते. साठ वर्षांत काय मावते? माणसाचे आयुष्य. बेडूक म्हणजे जन्म, दातदुखी म्हणजे राज्यारोहण. देव काही साठाव्या वर्षी संपत नाहीत!

लक्षात घ्या, त्यांनी एकही शब्द उच्चारून वाचला नव्हता. केवळ अंतरे मोजली. थॉम्प्सन यांनीही आपले मत सोडून हे मान्य केले, हा त्यांचा मोठेपणा आपण नोंदवला पाहिजे.

त्याच ओघात त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. शिळांवर पायघोळ झगे घातलेल्या आकृती आहेत. त्यांना पूर्वीचे पंडित पुरोहित समजत. तातियानाबाईंनी दाखवले की, त्या आकृतींच्या नावांआधी एक स्त्रीमुखाचे चिन्ह येते, जसे आपण नावाआधी 'सौ.' किंवा 'श्रीमती' लिहितो. म्हणजे ते पुरोहित नव्हते. त्या राण्या होत्या. पिएद्रास नेग्रासच्या तिसऱ्या क्रमांकाच्या शिळेवर एक राणी सिंहासनावर बसली आहे आणि तिला टेकून तिची चिमुकली मुलगी. आज तो लेख सबंध वाचता येतो. राणी जन्मली ६७४ साली, लग्न झाले ६८६ साली, मुलगी झाली ७०८ साली. लग्नात ती बारा वर्षांची होती. आपल्या पणज्यांची लग्ने आठवून मला त्या दगडापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. आणि हेही वाटते की, तेराशे वर्षांपूर्वी कोणी मुलीच्या जन्माची तारीख दगडात कोरून ठेवली, आणि आपल्या घरांतल्या कितीतरी बायकांची जन्मतारीख कोठेच लिहिलेली नाही.

शब्द उच्चारून वाचण्याची किल्ली मात्र रशियातून आली. युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ साली लेख लिहून सांगितले की, लांदाची चिन्हे ही बाराखडी आहे. हे आपल्याला सहज कळावे. माद्रिदच्या पोथीत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे आहेत. पहिले लांदाच्या यादीतले 'कु'. माया भाषेत टर्कीला 'कुत्स' म्हणतात, तर दुसरे 'त्सु' असले पाहिजे. आता कुत्र्याच्या चित्रावर हेच 'त्सु' आणि पुढे लांदाने 'ल' म्हणून दिलेले चिन्ह. कुत्र्याला शब्द आहे 'त्सुल'. जुळले! शेवटचा स्वर लिहायचा पण उच्चारायचा नाही, एवढेच. आपण 'घर' लिहितो तेव्हा 'र' पुरा लिहितो आणि बोलताना पाय मोडतो. त्यातलाच हा प्रकार. शिवाय काही चिन्हे संबंध शब्दाची असतात. 'बालाम' म्हणजे जग्वार. त्याचे मुंडके काढा किंवा बा-ला-मा अशी तीन चिन्हे लिहा.

थॉम्प्सन यांनी हे १९७५ साली मरेपर्यंत मानले नाही. त्यात शीतयुद्धाच्या काळी सोव्हिएत माणसाचे ऐकायचे नाही हाही भाग होता. क्नोरोझोव्ह यांच्या ग्रंथातील निवडक प्रकरणे १९६७ साली इंग्रजीत आली. भाषांतर केले सोफी को या बाईंनी आणि संपादनास साह्य तातियानाबाईंचे. हा सगळा इतिहास सोफीबाईंचे पती मायकेल को यांनी १९९२ साली 'ब्रेकिंग द माया कोड' या पुस्तकात सांगितला आहे. भांडणांसकट सांगितला आहे, म्हणून तो रंगतो.

१९७० साली लिंडा शील नावाच्या चित्रकलेच्या एक शिक्षिका पालेंके पाहायला गेल्या आणि त्या विषयात कायमच्या अडकल्या. तीन वर्षांनी तेथेच भरलेल्या परिषदेत त्यांनी व दोघा सोबत्यांनी मिळून एका दुपारात पालेंकेच्या राजांची वंशावळ लावली. त्यांचा आणि मेरी मिलर यांचा १९८६ सालचा चित्रग्रंथ 'द ब्लड ऑफ किंग्ज' प्रसिद्ध आहे. तो उघडताना मन घट्ट करावे. याश्चिलान येथील एका पाटईवर काबाल शोक नावाची राणी काटेरी दोरी जिभेतून ओढते आहे आणि राजा पेटती मशाल धरून उभा आहे, तारीख ७०९. ती पाटई आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. माया लोक शांत ज्योतिषी होते हे जुने चित्र या ग्रंथाने पुसले. माझ्या मते रक्तावर भर जरा जास्तच पडला. त्याच पाटईवर राणीच्या झग्याची वीण, काठ, झालर इतकी बारीक कोरली आहे की, विणणारी बाई त्यावरून नमुना उतरवून घेईल. आणि ज्या इमारतीच्या दारावर ती होती ती इमारत राणीची स्वतःची, असे लेख म्हणतो. एवढे असून तिच्या पतीच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी गादीवर बसला तो तिच्या सवतीचा मुलगा.

या ग्रंथांची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. सुंदर रंगीत भांड्यांचे ग्रंथ निघाले, त्यांतील कितीतरी भांडी थडगी फोडून चोरलेली. ग्रंथात चित्र छापले की वस्तूची किंमत चढते, असा आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. शिळा करवतीने कापून नेल्या गेल्या. क्लेमेन्सी कॉगिन्स या विदुषीने १९६९ साली नावानिशी लेख लिहून त्या कोठे कोठे पोचल्या ते उघड केले. इयन ग्रॅहम हे सर्व लेखांची समग्र सूची करण्यासाठी रानोमाळ हिंडत. १९७१ साली चोरांच्या गोळीने त्यांचा वाटाड्या मेला. आपल्याकडील देवळांतून मूर्ती जातात हे आपण जाणतोच.

लिंडाबाईंनी पुढे ग्वाटेमालात माया लोकांसाठीच वर्ग घेतले. स्वतःची भाषा बोलणाऱ्या लोकांनी स्वतःच्या पूर्वजांचे लेख तेथे वाचायला घेतले. आपल्या माळ्यावर आजोबांची मोडीतली दप्तरे असतात आणि आपण ती उलटीसुलटी करून परत ठेवतो. त्यावरून त्या वर्गात काय वाटले असेल याची कल्पना यावी. लिंडाबाई १९९८ साली गेल्या. तातियानाबाई १९८५ सालीच वारल्या होत्या. त्यांची रक्षा त्याच १९९८ साली पिएद्रास नेग्रासच्या टेकडीवर पुरण्यात आली.

ज्यांना वाचायचे असेल त्यांनी प्रथम मायकेल को यांचे 'द माया' घ्यावे, मग लिपीच्या शोधाचे पुस्तक. मार्टिन व ग्रूबे यांचे राजे-राण्यांच्या बखरीचे २००० सालचे पुस्तक वंशावळींची आवड असणाऱ्यांनी घ्यावे. इंग्रजीचा कंटाळा असेल त्यांनी नुसती चित्रे पाहावीत. तातियानाबाईंनीही सुरुवात तशीच केली. माझ्याजवळची तीन पुस्तके मी महिनाभर मंडळाच्या कपाटात ठेवीत आहे. चित्रांची पाने ओल्या हाताने उलटू नयेत एवढी विनंती.