मोटारीची निवड : जोम, भरंवसा आणि खर्च

नवी मोटार दारांत येते तो दिवस घरांतल्या सर्वांच्याच आनंदाचा असतो. वडील माणसें किंमत विचारतात, मुलें रंग ठरवितात, शेजारी ॲव्हरेज विचारतात. ही गाडी पुढें आठ-दहा वर्षें पोसावयाची कशी, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आज ज्या जातीच्या गाड्यांविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांच्या बाबतींत हाच प्रश्न सर्वांत आधीं विचारला पाहिजे.

या गाड्या म्हणजे बांध्यानें उंच, पण धांवण्यांत चपळ अशा एसयूव्ही. उंच गाडी म्हटली म्हणजे ती जड, सावकाश आणि डिझेलवर चालणारी असावयाची, अशी एके काळीं आपली समजूत होती. टर्बो पेट्रोल इंजिनानें ती पालटून टाकली. २०२१ सालीं पुण्याजवळच्या चाकणहून निघालेल्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांचें दीड लिटरचें इंजिन १५० अश्वशक्तीचें आहे. २०२४ च्या मार्चमध्यें आलेल्या ह्युंदाई क्रेटा एन लाइनचें तेवढ्याच आकाराचें इंजिन १६० अश्वशक्ति देतें. चार मीटरांच्या आंत बसणाऱ्या महिंद्र एक्सयूव्ही ३एक्सओ या गाडीला १.२ लिटरच्या इंजिनांतून १३० अश्वशक्ति मिळते. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० ची शक्ति सुमारें चाळीसच होती, हें आठवलें म्हणजे केवढें सामर्थ्य आज मध्यमवर्गाच्या हातीं आलें आहे, याची कल्पना येईल. सामर्थ्य हातीं आलें कीं जबाबदारी मागोमाग येते. आणि येथें ती जबाबदारी जिवाची आहे तशीच तिजोरीचीहि आहे.

प्रथम जोमाचा विचार करूं. जाहिरातींत अश्वशक्तीचा आंकडा मोठ्या अक्षरांत असतो. पण रस्त्यावर आपण ज्याला पिकअप म्हणतों, तो मुख्यतः टॉर्कवर, म्हणजे चाक फिरविणाऱ्या पिळावर अवलंबून असतो. तो पीळ किती आहे यापेक्षां तो इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो, हें अधिक महत्त्वाचें. टायगुनच्या दीड लिटर इंजिनाचा २५० न्यूटन-मीटर पीळ मिनिटाला १६०० फेऱ्यांपासून हातीं येतो. साध्या पेट्रोल इंजिनाला आपला सारा पीळ द्यावयास पुष्कळच अधिक फेरे घ्यावे लागतात. पांच माणसें आणि सामान घेऊन खंबाटकीचा घाट चढतांना, किंवा दुपदरी रस्त्यावर उंसाच्या ट्रकला मागें टाकतांना हा फरक तत्काळ कळतो. याच इंजिनांचा दुसरा गुण असा, कीं फेरे दीड हजारांच्या खालीं असतांना तीं क्षणभर रेंगाळतात. म्हणून गाडी चालवून पाहतांना मोकळ्या रस्त्यावर सुसाट सोडून भुलूं नये. तिसऱ्या गिअरमध्यें हळू चालीवरून वेग घेऊन पहावा. चढावर थांबवून पुन्हां सोडावी. मागच्या आसनावर घरांतील वृद्ध माणसास बसवून खड्ड्यांच्या रस्त्यानें न्यावी. चपळ गाडीच्या स्प्रिंगा बहुधा ताठ असतात आणि चाकें मोठीं असतात. चालविणाऱ्यास त्याचा आनंद होतो, मागें बसणाऱ्याच्या कमरेला मात्र त्रास होतो.

वेगाची दुसरी बाजू थांबण्याची आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मोटारीला ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. २०२५ च्या जूनमध्यें ७०१ किलोमीटर लांबीचा संपूर्ण खुला झालेल्या समृद्धि महामार्गावर ती १२० आहे. शंभराच्या वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २८ मीटर पुढें जाते. म्हणजे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच आपण एका मोठ्या वाड्याची लांबी ओलांडलेली असते. ब्रेक लागल्यावरचें अंतर वेगाच्या वर्गानें वाढतें. ऐंशींच्या ऐवजीं एकशें वीसचा वेग असेल, तर वेग दीडपट, पण ब्रेकनें थांबावयास लागणारें अंतर सव्वादोनपट होतें. त्यांत उंच गाडीचा तोल जात्याच कमी असतो. म्हणून जिला आपोआप तोल सांवरणारी विद्युत्-यंत्रणा नाहीं, अशी चपळ एसयूव्ही कितीहि स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे भारत एनकॅपच्या नांवानें गाड्यांच्या टकरींच्या चांचण्या होऊं लागल्या आहेत. गाडीला तारे किती मिळाले, हा प्रश्न रंग विचारण्यापूर्वीं विचारावा.

आतां भरंवशाविषयीं. टर्बोचें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें आणि त्याचा सारा आधार इंजिनांतल्या तेलाच्या पातळ थरावर असतो. तेल ठरलेल्याच प्रतीचें आणि ठरलेल्याच वेळीं बदललें पाहिजे. घाट चढून वर आल्यावर किंवा लांबचा वेगवान प्रवास संपल्यावर इंजिन लगेच बंद न करतां अर्धा-एक मिनिट संथ चालूं द्यावें, म्हणजे चक्राच्या ठिकाणची उष्णता तेलाबरोबर निघून जाते. या संवयीला कवडीचाहि खर्च नाहीं.

दुसरी नाजूक गोष्ट स्वयंचलित गिअरची. ड्युअल क्लच नांवाचा गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर अतिशय तत्पर असतो; डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच गिअर बदलतो. परंतु मध्यम गाड्यांतील अशा गिअरबॉक्सचे क्लच बहुधा कोरडे असतात. घोडबंदर रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या चौकांत तासभर इंच इंच सरकावें लागतें, तेव्हां ते क्लच पुनः पुनः घसटतात आणि तापतात. टॉर्क कन्व्हर्टर जातीच्या गिअरबॉक्समध्यें हें काम तेल करतें; म्हणून तो थोडा सुस्त वाटला तरी गर्दींत अधिक सोशिक ठरतो. ज्याची निम्मी वाट गर्दींतली आहे, त्यानें पहिल्याचा मोह आवरावा. आणि ज्याला गिअर टाकण्याचा कंटाळा नाहीं, त्यानें हातानें गिअर बदलण्याची गाडी घ्यावी. तिच्यांत बिघडण्यासारखें कमी आणि दुरुस्तीहि स्वस्त.

इंधनाचाहि येथें संबंध आहे. आतां आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एक तृतीयांशानें कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडें उतरणारच. त्याहून महत्त्वाचें हें, कीं २०२३ च्या एप्रिलपूर्वीं बनलेली जुनी गाडी घेणार असाल, तर तिच्या रबरी नळ्या आणि जोड या मिश्रणास टिकणारे आहेत कीं नाहींत, याची लेखी खात्री करून घ्यावी. डिझेलची गोष्ट वेगळी. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारी जाळी असते आणि ती स्वच्छ होण्यास मधून मधून लांब पल्ल्याची धांव लागते. बाजार आणि शाळा एवढ्याच फेऱ्या असणाऱ्या घरीं ती जाळी तुंबते.

श्रोतेहो, आतां खर्चाकडे वळूं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचे दर बदलले. लांबी चार मीटरांच्या आंत आणि पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटिमीटरपर्यंत असलेल्या गाडीवर तो १८ टक्के झाला. या मर्यादेबाहेरच्या पेट्रोल गाडीवर ४० टक्के. विजेच्या गाडीवर ५ टक्के. याचा अर्थ असा, कीं दीड लिटरच्या चपळ गाडीच्या किंमतींतला मोठा वाटा गाडीचा नसून कराचा असतो. त्यावर महाराष्ट्रांत व्यक्तीच्या नांवें घेतलेल्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहनकर पडतो : दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ आणि पुढें १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के अधिक. इंजिनाच्या आकाराचा परिणाम विम्यावरहि होतो. २०२२ च्या जूनमध्यें लागू झालेल्या दरपत्रकांत नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १००० च्या वर १५०० घनसेंटिमीटरपर्यंत १०,६४० रुपये आणि त्याच्या वर २४,५९६ रुपये असा ठरला. दीड लिटरच्या आंत बसणारीं इंजिनें आपल्याकडे इतकीं कां, याचें एक कारण यांत आहे.

परंतु सर्वांत मोठा खर्च निराळाच आहे आणि त्याचें बिल कोणीहि पाठवीत नाहीं. तो म्हणजे घसारा. विम्याच्या कोष्टकाप्रमाणें पांच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरली जाते. एक हिशेब मांडून पाहूं. समजा, गाडीची मूळ किंमत १६ लाख आहे. आठ वर्षांत ती ८०,००० किलोमीटर चालली आणि शेवटीं ५ लाखांस विकली गेली. घसारा ११ लाख झाला. वाहनकर १ लाख ९२ हजार. लिटरला १२ किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपयांनीं धरलें, तर पेट्रोलचे ६ लाख ६७ हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि ब्रेक मिळून वर्षाला ६० हजार धरले, तर ४ लाख ८० हजार. एकूण बेरीज २४ लाखांच्या वर जाते, म्हणजे किलोमीटरला सुमारें तीस रुपये! यांत पेट्रोलचे सव्वाआठच आहेत. जें ॲव्हरेज आपण इतक्या काळजीनें विचारतों, तें एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्शापेक्षां थोडेंच अधिक ठरविणार. बाकीचा खर्च आपण कोणती गाडी घेतों आणि ती किती वर्षें ठेवितों, यावर आहे. हीच गाडी निम्मीच चालली, तर दर किलोमीटरचा खर्च पन्नासाच्या घरांत जाईल.

कर्जाचें व्याज यांत अजून आलेलें नाहीं. पंधरा लाख रुपये शेंकडा ९ दरानें सात वर्षांसाठीं घेतले, तर मासिक हप्ता सुमारें २४,१०० रुपये आणि एकूण व्याज सव्वापांच लाखांवर. तेंच पांच वर्षांत फेडलें, तर हप्ता सुमारें ३१,१०० होतो आणि व्याज पावणेचार लाखांच्या आंत राहतें. शोरूममध्यें हप्ता लहान करून दाखवितात, तेव्हां मुदत किती लांबली, तें पाहण्यास विसरूं नये.

मग निवड करावी कशी? ज्यांची धांव शहरापुरती आणि वर्षाला पांच-सहा हजार किलोमीटरांची आहे, त्यांना चार मीटरांच्या आंतली टर्बो गाडी जोमांत मुळींच कमी पडणार नाहीं, आणि कराचा मोठा भार वांचेल. दर पंधरवड्यास कोल्हापूर किंवा नाशिक गांठणाऱ्यांस दीड लिटरचें टर्बो पेट्रोल योग्य. वर्षाला वीस हजारांवर धांव असेल, तर डिझेल अजूनहि विचारांत घ्यावें. विजेची गाडी पिकअपमध्यें या सर्वांना मागें टाकते. परंतु तिच्यासाठीं इमारतींत स्वतःच्या जागेवर चार्जिंगची सोय आधीं झाली पाहिजे. आणि कोणत्याहि नव्या नमुन्याची पहिलीं सहा-आठ महिनें वाट पाहिल्यानें नुकसान कांहींच होत नाहीं. उलट त्याचे दोष दुसऱ्यांच्या खर्चानें आपणांस कळतात.

शेवटीं ज्या गोष्टीवर माझा सर्वांत अधिक भर आहे, ती सांगतों. ऐपतीच्या कांठावर जाऊन गाडी घेतलेलें कुटुंब हप्ता कधीं चुकवीत नाहीं, कारण बँक दारांत येते. काटकसर होते ती इतरत्र : गुळगुळीत झालेला टायर आणखी सहा महिने चालवूं, ब्रेकचें काम दिवाळीनंतर करूं, यंदा विमा साधाच घेऊं. म्हणजे जो खर्च आपल्या मुलाबाळांच्या जिवाचें रक्षण करतो, नेमका त्यालाच कात्री लागते. आणि तीहि दीडशें अश्वशक्तीच्या गाडींत. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२५ असेल, तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. हे आंकडे आज घरीं जातांना आपल्या गाडीवर अवश्य पहा.

म्हणून सही करण्यापूर्वीं चार गोष्टी कागदावर मागून घ्याव्यात : ऑन-रोड किंमतीची संपूर्ण फोड, चारी टायरांची किंमत, ब्रेक आणि क्लच बदलण्याचा खर्च, आणि हमीची मुदत व तिच्यांतले अपवाद. त्यांची बेरीज वर्षांनीं भागून महिन्याचा आंकडा काढावा, हप्त्यांत मिळवावा आणि घरांतल्या सर्वांच्या देखत वाचावा. तो आंकडा वाचतांना आवाज अडखळला, तर एक पायरी खालची गाडी घ्यावी आणि ती उत्तम राखावी. जो वेग विकत घेतो, त्यानें वेगाची राखणहि विकत घेतली पाहिजे. ज्याला ती परवडते, त्यानें खुशाल जोमदार गाडी घ्यावी आणि पावसाळा सरल्यावर घाटाच्या वळणावळणांनीं ती आनंदानें, पण मर्यादेनें चालवावी.