ऐरावताचे स्नान आणि वाळूचा मारा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्याख्यानासाठी मंडळाचे निमंत्रण आले तेव्हा आमच्यापुढे मोठाच पेच पडला. आमचे सारे आयुष्य ओतशाळेत आणि यंत्रशाळेत गेले. वाङ्मयाशी आमचा संबंध वाचकापुरता. आम्हांला अधिकाराने बोलता येईल असा विषय एकच, तो म्हणजे पृष्ठभागावरचे नको असलेले द्रव्य काढून टाकण्याच्या औद्योगिक पद्धती. हे शीर्षक पत्रिकेवर छापले असते तर सभागृहात अध्यक्ष आणि आम्ही असे दोघेच उरलो असतो. म्हणून आम्ही कार्यवाहांना कळवले की आम्ही दारासुरम् येथील मंदिराविषयी बोलू. ही लबाडी खरी. पण ती अर्धीच आहे, हे पुढे ध्यानात येईल.

तमिळनाडूतील कुंभकोणम् शहराला लागूनच दारासुरम् हे गाव आहे. तेथील ऐरावतेश्वराचे मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधविले आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. तंजावरच्या बृहदीश्वराचा प्रचंडपणा येथे नाही. येथे जे आहे ते बारकाव्याचे वैभव. घोडे जुंपलेल्या रथाच्या आकाराचा मंडप, आघात करताच निरनिराळे स्वर देणाऱ्या पायऱ्या, आणि एकच मस्तक असे कोरलेले की एका बाजूने पाहावे तर बैल, दुसऱ्या बाजूने पाहावे तर हत्ती! मुख्य मंदिराच्या पायथ्याशी शैव संतांच्या जीवनातील प्रसंग लहान लहान पट्टांत कोरले आहेत आणि त्यांच्यासोबत तमिळ अक्षरांत नावे दिली आहेत. प्राकाराच्या उत्तरेकडील भिंतीवर एकशे आठ शैवाचार्यांच्या मूर्तींची ओळ आहे, तिच्याखालीही नावे आहेत. वाकून, उन्हाच्या तिरप्या झोतात पाहिले तरच ही अक्षरे वाचता येतात.

मंदिराच्या नावामागची कथा अशी की इंद्राचा ऐरावत दुर्वास ऋषींच्या शापाने आपला शुभ्र वर्ण गमावून बसला. त्याने येथे येऊन शिवाची आराधना केली, येथील तीर्थात स्नान केले आणि त्याचा मूळ रंग त्याला परत मिळाला. आमच्यासारख्या माणसाने ही कथा ऐकली की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : मळ गेला आणि कातडी शाबूत राहिली, हे त्या पाण्याला कसे साधले? आमच्या धंद्यातला सगळा पेच याच एका प्रश्नात आहे.

द्रव्य काढून टाकणे हे दोन हेतूंनी केले जाते. लेथवर दांडा कातायला घेतला की किती मायक्रॉन काढायचे ते आधी नकाशावर ठरलेले असते. काढणे हीच तेथे घडण असते. दारासुरम्‌पासून काही मैलांवर स्वामीमलै येथे पंचधातूच्या मूर्ती घडविणारे स्थपती राहतात. मेणाची मूर्ती करून, तिच्यावर कावेरीकाठच्या मातीचा साचा चढवून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. आणि मग छिन्नी व कानस घेऊन बसतात. ओतून निघालेली मूर्ती ओबडधोबड असते. दागिन्यांचे मणी, नखे, भुवया हे सारे नंतर द्रव्य काढून काढून उमटते. दुसरा हेतू स्वच्छतेचा. तेथे काय काढायचे हे ठाऊक असते. पण ते कोठे संपते आणि मूळ वस्तू कोठे सुरू होते, ही सीमा नकाशावर नसते. ती हाताला कळावी लागते. यंत्राला ती कळत नाही.

वाळूचा मारा करण्याच्या यंत्राचे एकस्व १८७० साली बेंजामिन टिल्घमन या अमेरिकन गृहस्थाने घेतले. दाबलेल्या हवेच्या झोतातून वाळूचे कण लोखंडावर आदळवायचे, की गंज, जुना रंग, ओतकामाची चिकटलेली वाळू सारे क्षणात निघून जाते. साधारणतः सात वातावरणांइतका दाब वापरतात. कणाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले गणित येथे प्रत्यक्ष दिसते. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा हे काम करणाऱ्या कामगारांच्या तोंडावर नुसता फडका बांधलेला असे. वाळू फुटली की तिची जी सूक्ष्म धूळ होते ती फुफ्फुसात बसते आणि माणूस दम लागून लागून मरतो. ब्रिटनने ओतीव वस्तूंच्या बाबतीत वाळूचा मारा १९४९ साली कायद्याने बंद केला. पोलादी छर्रे, ऍल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे, काचेचे मणी, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हे सगळे त्यानंतर वाळूच्या जागी रुळले. अलीकडे उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फही मारतात. तो आदळून वायू होऊन उडून जातो आणि मागे केर उरत नाही.

आता मंदिराकडे वळू. तमिळनाडूत साधारण बारा वर्षांनी मंदिराचा कुंभाभिषेक करण्याचा प्रघात आहे. त्याआधी सारे मंदिर स्वच्छ करावयाचे असते. पिढ्यान्‌पिढ्यांचा चुना, तेलाची काजळी, कोणी हौसेने फासलेला ऑइलपेंट, हे सारे दगडावर थरावर थर चढलेले. पाणी आणि मऊ ब्रश घेऊन ते काढायचे तर महिने जातात. वाळूचे यंत्र आणले तर काही दिवसांत दगड कोरा करकरीत दिसू लागतो. मुहूर्त ठरलेला, ठेकेदाराला घाई, आणि भक्तांनाही उजळ दगड पाहून समाधान. गेल्या काही दशकांत त्या राज्यातील अनेक मंदिरांत हा मारा झाला. अभ्यासकांनी ओरड केली, पुढे शासनाच्या खात्याने या पद्धतीला मनाई केली, आणि मंदिरांच्या जीर्णोद्धारातील चुकांचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला; २०१७ साली युनेस्कोच्या तज्ज्ञांनीही काही मंदिरांची पाहणी केली. दारासुरम् केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने तेथील गोष्ट वेगळी. आम्ही सांगतो आहो ते इतर मंदिरांविषयी.

ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडाला वाळूने काय होणार, असे पुष्कळांना वाटते. आम्हांलाही एके काळी वाटले असते. पण वाळू म्हणजे गारगोटी. काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मापावर तिचा क्रमांक सात. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असते तशीच सहाच्या आसपासची फेल्डस्पार असते आणि तिनाच्याही खालचा अभ्रक असतो. मारा झाला की अभ्रक आधी उडतो, मग फेल्डस्पार खचते, आणि गारगोटीचे दाणे दातांसारखे वर राहतात. दुसरी गोष्ट कोनाची. लोखंडासारखा चिवट पदार्थ तिरप्या माऱ्याने जास्त झिजतो. दगडासारखा ठिसूळ पदार्थ सरळ, काटकोनातल्या माऱ्याने. यंत्र धरणारा माणूस स्वाभाविकपणे नळी सरळच रोखतो. तिसरी गोष्ट कडांची. सपाट भागाला चारी बाजूंनी आधार असतो, कडेला नसतो; म्हणून मूर्तीचे नाक, बोटांची टोके आणि अक्षरांच्या कडा सर्वांत आधी जातात. कोरीव अक्षर म्हणजे दुसरे काय? कडाच!

आणि यातला खरा विनोद असा की लोखंडावर आम्ही हा मारा करतो तो पृष्ठभाग खडबडीत व्हावा म्हणूनच. पन्नास-पाऊणशे मायक्रॉनचे खाचखळगे पडले की रंग घट्ट धरतो. दगडावर तेच खाचखळगे पाणी धरतात, धूळ धरतात, शेवाळ धरतात. म्हणजे ज्या मंदिराची स्वच्छता केली ते पूर्वीपेक्षा लवकर मळते, आणि बारा वर्षांनी यंत्र पुन्हा आणावे लागते.

हे आपल्यापासून दूरचे आहे असे कोणी म्हणू नये. दारासुरम्‌हून तंजावर फार लांब नाही. तेथील बृहदीश्वराच्या प्राकारात दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून ठेवला आहे. भिंतीवर ओळींमागून ओळी. इतका मोठा मराठी शिलालेख दुसरा सांगता येणार नाही. आम्ही तो पाहावयास गेलो तेव्हा आमच्या बरोबरची मुले, जन्मापासून परप्रांतात वाढलेली, अडखळत का होईना, त्यातला एकेक शब्द लावू लागली. त्या अक्षरांवर नळी रोखली गेली तर काय होईल याचा हिशेब आमच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. तो पूर्ण करण्याचे धैर्य झाले नाही.

दारासुरम्‌च्या मंदिरात पूर्वी एक द्वारपाल होता, तो आता तंजावरच्या कलादालनात आहे. त्याच्या पायाशी तमिळ लेख आहे. चोळ राजाने कल्याणपूर जाळून ही मूर्ती आणली असे त्यात सांगितले आहे. कल्याणपूर म्हणजे चालुक्यांची राजधानी, आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. त्याची घडण चोळांच्या मूर्तींहून निराळी आहे हे जाणकारांना पाहताच कळते. पण तो कोठला, कोणी आणला, का आणला, हे सांगते ती एवढी एक ओळ. ती पुसली गेली असती तर तो एक अनोळखी पहारेकरी उरला असता.

मग स्वच्छता करायचीच नाही काय? करायची, पण बेताने. पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ अमोनियाचे सौम्य द्रावण आणि साधा साबणासारखा द्रव घेऊन मऊ ब्रशने दगड धुतात. दगडात मुरलेले क्षार ओल्या कागदाच्या लगद्याने शोषून घेतात. ताजमहालाच्या संगमरवराला मुलतानी मातीचा लेप देतात. लेझर किरणांचीही एक युक्ती आहे. १९७०च्या दशकात व्हेनिसमध्ये तिचे प्रयोग झाले. काळा थर किरण शोषतो आणि उडतो, खालचा पांढरा दगड किरण परतवतो आणि वाचतो. म्हणजे काम आपोआप थांबते. मात्र दगडच काळा असेल किंवा त्यावर जुना रंग असेल तर ही युक्ती धोक्याची. शहाणे लोकही चुकतात, हेही सांगितले पाहिजे. आपल्या अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निजाम सरकारने १९२०च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रांवर लाखेचा थर दिला, तो पुढे पिवळा पडला, आणि तो काढण्यात नंतरच्या रसायनज्ञांची वर्षे गेली.

आता एक कबुली. इतका वेळ आम्ही ठेकेदारांना बोल लावले. आमचे हातही स्वच्छ नाहीत. आमच्या आजीचा एक पितळी तांब्या होता. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल आहे, ती येथल्या भगिनींना सांगावयास नको. आजीच्या तांब्यावर तिचे माहेरचे नाव टोचून घातले होते, लग्नात तिच्या वडिलांनी दिलेला तो. सासरी तिचे नाव बदलले. पहिल्या नावाने तिला हाक मारणारे सगळे केव्हाच गेले. ती गेल्यावर तांब्या आमच्याकडे आला, काळा पडलेला. चिंच लावून घासला असता तर तासाभराचे काम. पण आम्ही पडलो यंत्रवाले! कारखान्यात नेला आणि बफिंगच्या चाकाला लावला. दहा मिनिटांत आरशासारखा झाला. घरी आणून मोठ्या ऐटीत आईच्या हाती दिला. तिने तो फिरवून फिरवून पाहिला आणि विचारले, "नाव कुठे आहे?"

ते तिने पुन्हा कधी विचारले नाही.

पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनात आले की बंदुकीवरचा घासून टाकलेला क्रमांक पोलिसांचे तज्ज्ञ पुन्हा वाचतात. ठोकून उठवलेल्या अक्षराखालचा धातू दाबला गेलेला असतो. वरचा आकार गेला तरी तो ताण खाली काही खोलीपर्यंत राहतो, आणि योग्य रसायन लावले की तो भाग निराळ्या वेगाने खाल्ला जातो. आम्ही फेरिक क्लोराइडचे पातळ द्रावण केले, कापसाच्या बोळ्याने तांब्याच्या गळ्याखाली हळूहळू पुसत बसलो. दगडाच्या बाबतीत हा मार्ग नाही. दगडावरचे अक्षर दाबून नव्हे, कोरून काढलेले असते. त्याच्याखाली वाचण्याजोगे काही उरत नाही.

तासाभराने फिकट ठिपके दिसू लागले. पहिली दोन अक्षरे लागली, तिसऱ्याचा काना लागला. पुढचा भाग चाकाखाली जरा जास्तच वेळ धरला गेला असावा. आई तेव्हा नव्हती. आता तो तांब्या आमच्या मुलीच्या घरी आहे, आणि तो चिंचेखेरीज कशानेही घासू नये असे आम्ही तिला बजावून ठेवले आहे.