पिसांचा रंग आणि तलंगेची ओळख
पिल्लू नर की मादी हे रंगावरून कळतं, पण आईबापाची जोडी ठरलेली असेल तरच. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी घ्या. पट्ट्यांचं जनुक या कोंबडीकडून फक्त नर पिल्लांना मिळतं. म्हणून काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असेल तर तो नर, नसेल तर मादी. जोडी उलटी लावली, की ही खूण निरुपयोगी ठरते.

परसातल्या मिश्र पिल्लांचा रंग मात्र भरवशाचा नाही. दीड-दोन महिन्यांत नराचा तुरा लाल होऊ लागतो. तरी विकायची घाई करू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार पिसं आली, की तो कोंबडा. तलंगेची तिथली पिसं गोलसरच राहतात.