पाणबुडीतला एकटा ‘डॉक’



औषधनिर्माण आणि परिचर्येचे तुम्ही सगळे विद्यार्थी फिशपाँडची वाट बघताय, याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणून विषय असा निवडलाय की निदान सुरुवातीला तरी मागच्या रांगेतली कुजबुज थांबावी. दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेची ‘सीड्रॅगन’ ही पाणबुडी दक्षिण चीन समुद्रात जपानी हद्दीत गस्त घालत होती. तिच्यावरचा डॅरेल रेक्टर हा १९ वर्षांचा खलाशी पोटदुखीने आडवा झाला. लक्षणं अपेंडिक्सची. बोटीवर डॉक्टर नव्हता. होता तो व्हीलर लाइप्स, हुद्दा ‘फार्मसिस्ट्स मेट’, म्हणजे वैद्यकीय मदतनीस. डी. फार्म.वाल्यांनी इथे कान टवकारायला हरकत नाही. लाइप्सने ही शस्त्रक्रिया पूर्वी पाहिली होती, तिथे मदतीला उभाही राहिला होता, पण स्वतः कधीच केली नव्हती. ११ सप्टेंबर १९४२ रोजी बोट सुमारे १२० फूट खोल नेऊन स्थिर ठेवली आणि अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर रेक्टरला झोपवलं. जखम उघडी धरायला चिमटे नव्हते, म्हणून जेवणाचे चमचे वाकवले. चहाच्या गाळणीवर गॉझ ताणून ईथर देण्याचा मास्क केला. निर्जंतुकीकरणाला टॉर्पेडोतलं अल्कोहोल वापरलं आणि सल्फाच्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेत टाकली. अपेंडिक्स लवकर सापडेना. सापडलं तेव्हा त्याचं टोक काळं पडलेलं होतं. सगळं मिळून अडीच तास लागले. दोन आठवड्यांच्या आत रेक्टर पुन्हा ड्यूटीवर हजर. ‘शिकागो डेली न्यूज’च्या जॉर्ज वेलरला या बातमीसाठी १९४३ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि ‘डेस्टिनेशन टोकियो’ या हॉलीवूडपटात हाच प्रसंग आला.

इथे टाळ्या वाजवून मोकळं होता येईल. पण या कथेचा जो भाग सिनेमात आला नाही, तोच मला तुमच्यासमोर मांडायचा आहे. नौदलाचं वैद्यकीय खातं या पराक्रमावर खूश झालं नाही, उलट चिडलं. १९४२ च्याच डिसेंबरात ‘ग्रेबॅक’ आणि ‘सिल्व्हरसाइड्स’ या पाणबुड्यांवरही अशाच शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही रुग्ण वाचले, आणि खात्याची चिंता वाढली. पाणबुडीवर पोट उघडायचं नाही, औषधं देऊन आणि पोटाला विश्रांती देऊन रुग्णाला बंदरापर्यंत आणायचं, असं धोरण पुढे ठरलं. लाइप्सला नौदलाचं पदक मिळालं ते २००५ साली, त्याच्या मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी. हा कद्रूपणा होता, यात वाद नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे की मूळ मुद्द्यावर खातं बरोबर होतं. जिथे मागे कोणी नाही, तिथे वैद्यकीय मदतनीसाचं कसब तो काय काय करू शकतो यापेक्षा तो काय करायचं नाकारतो आणि काय आधीच हेरतो, यावर जोखायला हवं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: असा नियम तेव्हा असता तर रेक्टर गेला असता. असेलही. टोक काळं पडलेलं अपेंडिक्स थट्टेवारी नेण्यासारखं नसतं आणि त्या वेळी बोटीवर पेनिसिलिन नव्हतं. पण नियम एका रेक्टरसाठी होत नाही. तो पोट धरून येणाऱ्या प्रत्येक खलाशासाठी होतो. पोट कापण्यापेक्षा ते कशाने दुखतंय हे ओळखणं जास्त अवघड असतं. मूतखडा, बद्धकोष्ठ, आमांश, साधा गॅस, सगळ्यांचं दुखणं उजव्या कुशीत येऊ शकतं. स्कॅन येण्याआधीच्या काळात, चांगल्या रुग्णालयांतसुद्धा, अपेंडिक्स म्हणून पोट उघडलेल्या शंभरातल्या पंधरा-वीस जणांचं अपेंडिक्स निरोगी निघे. मग चमचे वाकवून शस्त्रक्रिया करणाऱ्या तरुणांच्या हातून काय झालं असतं? फसलेल्या शस्त्रक्रियेवर कोणी सिनेमा काढत नाही, म्हणून वाचलेल्यांच्या कथांवरून धोरण ठरवता येत नाही.

शिवाय न कापण्याचा मार्ग तेव्हा वाटत होता तितका हताश नव्हता, हे पुढे दिसलं. फिनलंडमध्ये ५३० रुग्णांवर झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. ज्यांना शस्त्रक्रियेऐवजी अँटिबायोटिक दिली, त्यांतल्या सुमारे ७३ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. पाच वर्षांचा हिशेब केला तर ३९ टक्क्यांचं दुखणं उलटलं. तुम्ही म्हणाल, हे सगळे स्कॅन करून निवडलेले, गुंतागुंत नसलेले रुग्ण होते आणि शेजारच्या खोलीत सर्जन होता. बरोबर आहे, म्हणून हा आकडा जसाच्या तसा समुद्राखाली नेता येत नाही. पण पाणबुडीवरच्या वैद्यकीय मदतनीसाला, तिथे सगळे त्याला ‘डॉक’ म्हणून हाक मारतात, पाच वर्षांची हमी द्यायची नसते. बंदर गाठेपर्यंतचे दिवस काढायचे असतात.

मग हा ‘डॉक’ दिवसभर करतो काय? अमेरिकन अणुपाणबुडीवर साधारण १३० माणसं असतात आणि बहुधा हा एकच वैद्यकीय माणूस. वर्षाहून अधिक प्रशिक्षण घेऊन तो येतो आणि आल्यावर त्याचा बराच वेळ रुग्णांपेक्षा हवेकडे जातो. पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन तयार होतो, अमाइनच्या द्रावणातून कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जाळून टाकावे लागतात. दोन-अडीच महिने तीच हवा फिरत राहते. म्हणून घरात आपण सहज वापरतो तो स्प्रेचा डबा तिथे चालत नाही, पाऱ्याचा थर्मामीटर नाही, वाटेल तो रंग किंवा गोंद नाही. एखाद्या डब्यातून थोडासा वायू सुटला तर तो खिडकी उघडून घालवता येत नाही. शुद्धीकरणाच्या भट्टीत जाऊन त्याचं विषारी आम्ल होऊ शकतं. समुद्रातून काढलेलं पिण्याचं पाणी तपासायचं, मुदपाकखाना तपासायचा, प्रत्येकाच्या किरणोत्साराच्या बिल्ल्याची नोंद ठेवायची. निघण्याआधी प्रत्येकाचे दात तपासलेले आहेत ना, हे बघायचं, कारण सहाव्या आठवड्यात ठणकलेली दाढ अख्ख्या मोहिमेला महागात पडते. पहिल्या काही दिवसांत सर्दीची साथ सगळ्या बोटीत फिरते आणि नवा माणूसच येत नसल्याने मग ओसरते. यातलं काहीही बातमीचा विषय नाही. पण जी माणसं आजारीच पडली नाहीत, ती याच कामामुळे पडली नाहीत.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळी घेतात: इतकं सगळं एका मदतनीसावर का? सरळ एक डॉक्टरच द्या की! उत्तरासाठी १९६० ची ‘ट्रायटन’ पाहा. कॅप्टन एडवर्ड बीच यांच्या या पाणबुडीने पाण्याखालून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्यावर डॉक्टर होता. तरी एका खलाशाचा मूतखडा उचल खात राहिला, तेव्हा बोट मागे वळवून उरुग्वेच्या माँटेव्हिडिओजवळ न्यावी लागली आणि फक्त वरचा मनोरा पाण्याबाहेर काढून रुग्णाला ‘मेकन’ या युद्धनौकेवर पोचवावं लागलं. पदवीमुळे पाणबुडीत ऑपरेशन थिएटर उगवत नाही. डॉक्टर असो वा मदतनीस, त्याचं सर्वांत मोठं काम कप्तानाला योग्य वेळी नेमकं सांगणं: हा माणूस इथे बरा होईल, किंवा होणार नाही, बोट वळवा. ते सांगणं स्वस्त नसतं. बोट वर आली, बिनतारी संदेश गेला, की ठावठिकाणा उघड होतो. म्हणजे एका माणसाचा जीव एकीकडे आणि सव्वाशेंची सुरक्षितता दुसरीकडे, असा हा सल्ला. तो देताना मागच्या चार दिवसांचा ताप, नाडी आणि पोटाची तपासणी तासवार लिहिलेली नसेल, तर कप्तानाने विश्वास ठेवायचा तरी कशावर?

तिसरा आक्षेप असा की कमी शिकलेल्या माणसाच्या हाती जीव सोपवणंच चूक. याला उत्तर आपल्या गडचिरोलीने दिलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत साध्या गावकरी स्त्रियांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. डॉक्टरांनी भुवया उंचावल्याच. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. या बायांना सगळं वैद्यक येत नव्हतं. त्यांना ठरावीक लक्षणं, ठरावीक मात्रा आणि कुठे थांबायचं हे येत होतं. त्यांचं काम पुन्हा पुन्हा तपासून घेतलं जाई, आणि प्रत्येक बाळाची नोंद असे. पाणबुडी आणि गडचिरोलीतलं गाव यांत साम्य शोधणं काहींना ओढूनताणून वाटेल. पण मदत दूर असताना काय उपयोगी पडतं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

आपल्या नौदलातही बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी मेडिकल असिस्टंटची भरती असते, काही पाणबुड्या तर आपल्या माझगाव डॉकमध्येच बांधल्या गेल्यात. जायचं असेल त्यांनी जरूर जावं. जाणार नसलेल्यांनाही उपकेंद्रात, लांबच्या औषध दुकानात किंवा रात्रपाळीच्या वॉर्डात एकटं उभं राहावं लागेलच. म्हणून प्राचार्यांकडे एक विनंती आहे. आजच्या बक्षिसांच्या यादीत वक्तृत्व, रांगोळी, कबड्डी आणि सर्वाधिक गुण आहेत. सर्वोत्तम रुग्णनोंदवहीसाठी काही नाही. पुढच्या वर्षीपासून तेवढं एक बक्षीस ठेवा. वही तपासताना अक्षर बघू नका, वेळा लिहिल्यात का ते बघा. रक्कम माझ्याकडून.