स्थळपाहणी आणि छायाचित्र-नकाशा



सार्वजनिक कामाची पाहणी म्हटली, की पंचनामा आलाच. पंचांसमक्ष चतुःसीमा लिहावयाची, नजरी नकाशा काढावयाचा आणि खाली सह्या-अंगठे घ्यावयाचे, ही परंपरा जुनी आहे. परंतु कागदावरील बांध आणि शिवारातील बांध एकच आहे काय, ही शंका केवळ शब्दांनी फिटत नाही. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील निर्ण्यासारख्या गावी तर हद्दीची गल्लत झाल्यास काम एका गावाचे आणि नोंद दुसऱ्या गावाची, असे होऊ शकते.

ही उणीव भरून काढण्यासाठी छायाचित्र नकाशावरील नेमक्या स्थानाशी जोडण्याची पद्धत आली. केंद्र शासनाने २०१६ साली ग्रामीण रोजगार हमी योजनेतील कामांची अशी नोंद इस्रोच्या ‘भुवन’ नकाशावर सुरू केली. २०१७ पासून काम सुरू होण्यापूर्वी, चालू असताना व पूर्ण झाल्यावर, अशा तीन टप्प्यांवर छायाचित्रे घेण्यात येऊ लागली. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच उभ्या पिकाचे छायाचित्र स्थानासह नोंदवू लागला.

तथापि साधन आले म्हणून सचोटी आपोआप येत नाही. मजुरांच्या हजेरीसाठी असंबद्ध छायाचित्रे, इतकेच नव्हे तर छायाचित्राचेच छायाचित्र पाठविले जाते, असे केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयानेच जुलै २०२५ मध्ये राज्यांना कळविले होते. अशा खोट्या नोंदींचा फटका अखेर खऱ्या मजुरालाच बसतो.

यास्तव पाहणी करणाऱ्याने काही दक्षता घेणे अगत्याचे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे दोनच दशांश स्थळे लिहिल्यास जागेचा अंदाज सुमारे एक किलोमीटरच्या पट्ट्यात राहतो. पाच लिहिल्यास तो पट्टा सुमारे एका मीटरवर येतो. मोबाईलच्या स्थाननोंदीत मात्र उघड्या रानातही काही मीटरांचा फरक पडतो. म्हणून विहीर, देऊळ वा जुने झाड अशी न हलणारी खूण चित्रात असावी. तिन्ही टप्प्यांची छायाचित्रे एकाच जागेवरून, एकाच दिशेने घ्यावीत. नकाशावर प्रत्येकाचा क्रमांक, दिनांक व दिशेचा बाण दाखवावा.

असा नकाशा कचेरीच्या कपाटात न राहता ग्रामसभेत मांडला जावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तो वाचावयास शिकवावे. छायाचित्र पंचांची जागा घेत नाही. ते पंचांच्या शब्दाला आधार देते. नकाशावरील जागेवर जाऊन तेथे काम खरोखर उभे आहे की नाही, हे ग्रामस्थाला स्वतः पाहता आले, तरच पाहणी पूर्ण झाली असे म्हणता येईल.