पणजीचं माहेर कसं सापडतं?



इंग्लंडमधल्या लहान खेड्यात पूर्वज शोधायचे, तर आधी गावच्या चर्चची नोंदवही बघतात. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवा, असा हुकूम तिथं 1538 साली निघाला. अशा पुष्कळ जुन्या वह्या आता सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवल्या आहेत.

बापाचा माग सोपा. आडनाव धरून मागं जायचं. आईपाशी मात्र वाट अडते. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, आणि लेकराच्या बाप्तिस्म्याला बहुतेक वेळा नुसतं ‘मेरी’ लिहिलेलं. कुठल्या घरची मेरी? मग तिच्या लग्नाची नोंद शोधायची. 1754 पासून त्या नोंदीखाली नवरा-नवरी आणि साक्षीदार सही करत. लिहिता न येणारी फुली काढायची. साक्षीदार कधी तिचा भाऊ किंवा बहीण निघते, आणि माहेरचा धागा हाती लागतो.

पुढं 1 जुलै 1837 पासून सरकारी जन्मनोंद सुरू झाली. तिच्यात आईचं माहेरचं आडनावही येऊ लागलं. 1851 च्या जनगणनेत तर प्रत्येकाचं जन्मगावही विचारलं.

तिथं निदान ‘मेरी’ हे नाव तरी उरलं. आपल्याकडं कित्येकींचं लग्नात नावच बदललं. तुमच्या पणजीचं पाळण्यातलं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?

आज घरातल्या सर्वात वयस्कर बाईजवळ बसा. तिचं, तिच्या आईचं, आजीचं पाळण्यातलं नाव आणि माहेरचं गाव विचारा. वहीत लिहा, खाली तारीख घाला. ती वही लेकीलाही दाखवा आणि सुनेलाही.