रूड, उद्धट आणि शित्सुरेई

'रूड' हा इंग्रजी शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे. मुलं आईवडिलांना तो ऐकवतात, आईवडील मुलांना. कोशात त्याचा अर्थ 'उद्धट' असा सापडतो. पण उद्धटपणाला मनात ताठा लागतो, रूड वागायला तो लागत नाही. लोकलमध्ये मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावणारा कुणाचा अपमान करायला निघालेला नसतो. शेजारी माणसं बसली आहेत, एवढंच त्याच्या ध्यानात नसतं. इंग्रजीत तोही रूडच.

अशा वागण्याकडे जपानमध्ये कसं बघतात, ते पाहू. टोकियोच्या निशिकासाई भागात पुष्कळ भारतीय कुटुंबं राहतात, त्यांत मराठीही आहेत. तिथून तोझाई मार्गाची मेट्रो जाते. गाडीत फोनवर बोलायचं नाही, आवाज बंद ठेवायचा. फोनमधल्या या सोयीचं जपानी नावच 'मॅनर मोड' आहे. 2008 साली टोकियो मेट्रोनं बुम्पेई योरिफुजी या चित्रकाराची पिवळी भित्तिचित्रं स्थानकांत लावली. कुणी डब्यात मेकअप करतंय, कुणी पिऊन आडवं झालंय, आणि वर विनंती एवढीच की हे घरी करू या. कुणालाही असभ्य म्हटलेलं नाही. 2010 मध्ये याच मालिकेत चांगलं वागणारे प्रवासी आले आणि विनंती झाली, पुन्हा असंच करू या! ही पायरी मला फार मोलाची वाटते. आपल्या पाट्या दंडाची रक्कम तेवढी सांगतात, नीट वागणाऱ्याची दखल कुणी घेत नाही.

असभ्यपणाला जपानीत 'शित्सुरेई' म्हणतात. दुसऱ्याला उद्देशून म्हटला तर हा शब्द फार लागतो. पण दिवसभर लोक तो स्वतःबद्दलच वापरतात. साहेबांच्या खोलीत शिरताना, फोन ठेवताना 'शित्सुरेई शिमासु', म्हणजे मी आगळीक करतो आहे. संध्याकाळी सहकारी अजून कामात असतील, तर तुमच्या आधी निघण्याची आगळीक करतो, असं सांगूनच निघायचं. बसलेले त्यावर 'ओत्सुकारेसामा' म्हणतात, आज खूप कष्ट घेतलेत अशा भावनेनं.

हा नुसता रिवाज आहे, मनापासून कोण म्हणतं, असं कुणी विचारेल. रिवाज आहेच. पण तो पाळायचा म्हटला तरी आजूबाजूला नजर टाकावी लागते. कोण अजून कामात आहे हे पाहिलंच नाही, तर ते वाक्य कुणाला म्हणायचं हेही कळणार नाही.